दहा फुटांच्या आत

१ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं.

काल धंद्याचा इन्शुरन्स काढला. छपराचं काम म्हटलं की कंपनी प्रीमियम असा सांगते की ऐकूनच माणूस खाली बसावा. मी डोकं चालवलं. फॉर्मवर 'कामाचं स्वरूप' इथे 'किरकोळ घरदुरुस्ती' लिहिलं. 'कामाची कमाल उंची' इथे दहा फूट. प्रीमियम निम्म्याच्याही खाली आला. एजंटने विचारलं, तुम्ही पत्रे चढवता ना? मी म्हटलं, छप्पर हा घराचाच भाग असतो. त्याने सहीसाठी फॉर्म पुढे केला. बिनतोड उत्तरापुढे माणसं गप्पच होतात.

हिला सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे आपलं माणूस पडलंच तर त्याने दहा फुटांच्या आत पडायचं का? हिला कागदोपत्री व्यवहार कळत नाहीत.

२ फेब्रुवारी

संकल्प: पॉलिसी शब्दन् शब्द वाचायची. चाळीस पानं आहेत. रोज एक. आज पान पहिलं, व्याख्या. 'अपघात म्हणजे' इथपर्यंत आलो आणि डोळा लागला.

४ फेब्रुवारी

छापखान्याच्या शेडचं काम सुरू. जुने पत्रे काढून नवे घालायचे. वर दाजी आणि दोन गडी. खाली मी, सुपरव्हिजनला.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. तीस वर्षं छपरावर काढली. धंदा मला त्यांनीच शिकवला, म्हणजे वरचा भाग. खालचा भाग, कागदपत्रं वगैरे, मी स्वतः विकसित केला. मी वर चढत नाही त्याला कारण आहे. मालक वर दिसला की माणसं बुजतात. ही म्हणते, लोक उंटावरून शेळ्या हाकतात, तुम्ही उंटाखालून हाकता.

सेफ्टी बेल्ट चार आणलेत. नवेकोरे. एखाद्या मोठ्या कामासाठी राखून ठेवलेत.

७ फेब्रुवारी, दुपार

दाजी पडले.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

कडेचा जुना पत्रा पायाखाली फाटला आणि दाजी सरळ मागच्या आवारात, फरशीवर. मी तेव्हा नेमका कुठे होतो ते आठवत नाही. चहाला असेन.

डावी मांडी मोडली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे हे नशीब. पण हाडात प्लेट टाकावी लागेल, तीही दोन आठवड्यांत. नाहीतर हाड वाकडं जुळेल आणि हे पुन्हा सरळ चालणार नाहीत.

ताई बाकावर बसली होती. म्हणाली, नणंदेकडून काही सोय होते का बघते. मी म्हटलं, घरात पॉलिसी असताना लोकांपुढे हात कशाला पसरायचे? तू निश्चिंत राहा. तिने माझा हात घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. मला फार बरं वाटलं. मग घरी येऊन पॉलिसी काढली.

८ फेब्रुवारी

पान दुसरं सोडून एकदम पान अठरा. 'जाहीर केलेल्या उंचीपेक्षा अधिक उंचीवरून पडल्यास भरपाई मिळणार नाही.' हे लिहिणाऱ्याला मुलंबाळं नसावीत.

शेडची उंची सोळा फूट. म्हणजे प्रश्न फक्त सहा फुटांचा आहे. एवढी मोठी कंपनी सहा फुटांसाठी ताणणार नाही.

९ फेब्रुवारी

एजंटला फोन केला. तो म्हणाला, कंपनी सहा इंचांसाठीही ताणते.

१० फेब्रुवारी, पहाटे ५.४०

सुचलं. छप्पर खाली आणता येत नाही. जमीन वर आणता येते.

११ फेब्रुवारी

जुन्या इमारती पाडणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडून माती आणि राडारोडा, तीन ट्रक, मागच्या आवारात टाकून घेतला. वर सपाट करून घेतला. टेप लावायला स्वतः चढलो. ढिगाच्या टोकाला जरा गरगरलं, पण मोजलं. नऊ फूट दहा इंच. दोन इंच तर माझेच उरले.

छापखान्याचा मालक आला. त्याचं मागचं दार ढिगाच्या पलीकडे गेलं होतं. तो जे बोलला ते रोजनिशीत लिहिण्यासारखं नाही. त्याला समजावलं की हे तात्पुरतं आहे. त्याने विचारलं, तुम्ही की ढीग?

१२ फेब्रुवारी

दाजींना दवाखान्यात भेटलो. पायाला वजन लटकवलंय. त्यांच्या कानाशी लागून सगळी योजना सांगितली. तपासणीला माणूस येईल, किती उंचीवरून पडलात विचारेल, तुम्ही दहाच्या आतला आकडा सांगायचा, बस. दाजी वर छताकडे बघत राहिले. म्हणाले, बघू.

म्हणजे हो. दाजी कधी सरळ हो म्हणत नाहीत.

ताईने विचारलं, ऑपरेशनची तारीख कधी मिळेल? मी म्हटलं, झालंच.

१४ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

कंपनीकडून एक बाई आल्या. शांत, हातात वही. असल्या माणसांची मला आधीपासून धास्ती आहे.

बाईंनी छप्पर बघितलं, ढीग बघितला. विचारलं, पेशंट याच्यावर पडले? मी म्हटलं, हो. त्यांनी बुटाचं टोक मातीत दाबलं. बूट घोट्यापर्यंत आत गेला. म्हणाल्या, एवढ्या मऊ मातीवर मांडी मोडली? मला म्हणावं लागलं, माती नंतर टाकली. का टाकली? मी म्हटलं, पुन्हा कुणी पडलं तर लागू नये म्हणून. उत्तर जागच्या जागी सुचलं याचं मलाच कौतुक वाटलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

मग सेफ्टी बेल्ट मागितले. मी चारही आणून दाखवले. एकाचंही प्लास्टिक फाटलेलं नव्हतं. तेही लिहून घेतलं.

वरातीमागून घोडं म्हणतात. माझं घोडं तर मातीत रुतलं. पण दाजींवर भिस्त आहे.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाई दवाखान्यात आल्या. दाजींना म्हणाल्या, फॉर्मवर दहा फूट लिहिलंय, तेवढ्याच उंचीवर काम चालू होतं ना?

दाजींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी हो म्हटलं. मग ते बाईंना म्हणाले, दहा फूट? तीस वर्षं वर काढली मी. दहा फुटांवरून पडायला मी काय स्टुलावर उभा राहून बल्ब लावत होतो? सोळा फूट अडीच इंच. त्याच सकाळी मोजलं होतं. माझं माप चुकत नाही.

पडल्यापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज खणखणीत होता. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, थोडा अभिमानही वाटला.

ताई दारात उभी होती. तिने विचारलं, फॉर्मवर दहा कुणी लिहिलं? मी पाणी प्यायला बाहेर गेलो. नळ बंद होता, तरी बराच वेळ तिथे थांबलो.

१९ फेब्रुवारी

कंपनीचं पत्र. भरपाई नामंजूर. पॉलिसीही रद्द.

हरायचं नाही. वरच्या साहेबाला अर्ज लिहायला घेतला. सात पानं झाली. मुद्दा अजून यायचाय. ही म्हणाली, अर्ज ठेवा आणि ताईंना सांगून टाका. मी म्हटलं, अर्ज पूर्ण झाला की सांगतो.

२० फेब्रुवारी

हिनेच सांगितलं. ताईने पिशवी घेतली आणि नणंदेकडे गेली.

२१ फेब्रुवारी

नणंद म्हणाली, देते, पण पाच दिवस लागतील. त्याच दिवशी सांगितलं असतंत तर एव्हाना झालं असतं.

आज दोन आठवडे पूर्ण. डॉक्टरही माणूसच आहे, पाच दिवसांनी काय होतं?

२६ फेब्रुवारी

ताई पैसे घेऊन आली. डॉक्टरांनी नवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. हाड जुळायला लागलंय, वाकडं. आता पुन्हा मोडून बसवावं लागेल. या वयात, या शुगरवर, ते हात लावणार नाहीत.

ताई एक्स-रेकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. माझ्यामुळे झालं. हे वाक्य मी कागदावर लिहू शकतो, तिच्यासमोर नाही.

२८ फेब्रुवारी

संकल्प: यापुढे एकही खोटं माप लिहायचं नाही. इंचाचंसुद्धा नाही.

छापखान्याचं काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेलं. गडीही त्याच्याकडे गेले. राडारोडा मात्र मलाच उचलायला सांगितलाय.

१७ मार्च

घमेल्याने उचलतोय. रोज थोडा. सुपरव्हिजनला कुणी नाही.

६ मे, सकाळी ११

दाजींना दवाखान्यात नेलं. बुटाला किती जाड तळ लावायचा ते ठरवण्यासाठी दोन्ही पाय मोजायचे होते. डॉक्टरांनी टेपचं एक टोक मला धरायला दिलं. मी कमरेपाशी धरलं, त्यांनी घोट्यापाशी. डावा पाय दीड इंच कमी.

डॉक्टर लिहायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, एक लिहिता येईल का?

डॉक्टरांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग दाजी म्हणाले, दीड आहे, दीड लिहा.

ताई उठली. तिने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, स्वतः धरलं आणि डॉक्टरांना पुन्हा मोजायला सांगितलं. दीडच भरलं.