होला पाडणाऱ्याचे डोळे

म्हणजे एका दगडात झाडावरचा होला पाडलास म्हणून डोळे शाबूत, हेच ना तुझं उत्तर? मास्तरांकडून एवढंच लिहून घेतलंस? मग डोळे दाखव म्हणून मागच्या पत्रात मांडलेलं भांडण मिटलेलं नाही, असं समज. रामराम. काशीवहिनी, पोरं, बैल बरे असतील. तुझी खुशाली विचारत नाही, ती तू खरी सांगत नाहीस.

नवसूदादा, समोरचा होला तुला दिसतो रे, बाजूचा माणूस दिसत नाही. तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचताना शेजारणीच्या पायावर पाय दिलास, लोक म्हणाले ताडी चढली. (त्या दिवशी तू प्यायला नव्हतास, हेच नवल.) दसऱ्याला जव्हारात राजाची मिरवणूक बघायला गेलास आणि कडेने टांगा आला तरी हटला नाहीस, माजलाय म्हणून टांगेवाल्याने चाबूक ओढला. भगताने बाधा सांगितली. कोंबडा गेला, बाधा राहिली.

बाचंही असंच झालं होतं. त्याला मी इथे मुंबईत, गोदीतल्या कामाला खाडा करून, डोळ्यांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरने पापणीवरून बोटाने डोळा दाबला. म्हणाला, "गारगोटी झालीय. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही." आणि लगेच, "यांना मुलं किती?" मी चिडलो, इथे काय सोयरीक जमवायला आलोय? तर म्हणे हे रक्तातून उतरतं. बापाला झालं की पोरांनी, भावाबहिणींनी, काही दुखत नसलं तरी डोळे दाखवायचे. चाळिशीपुढच्याने तर आधी. (मास्तर, 'दुखत नसलं तरी' हे दोनदा वाचा.) कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी, म्हणून माणसाला कळत नाही. उरलेली मात्र औषधाने नाहीतर कापून राखता येते. बाला हाताला धरून परसात तूच नेतोस, आणि वर म्हणतोस, म्हातारपण आहे! तुझी चाळिशी उलटली, तुला कोण नेणार?

येणार नाहीस, ठाऊक आहे. बस तिकडेच.

तुझा भाऊ पांड्या

ता. क. मास्तर, इथून पुढचं वहिनीला एकटीला वाचा. वहिनी, दादाला सांग, पांड्याने मुंबईत पोरगी बघितलीय, बोलणी करायला मोठा भाऊ पाहिजे. डोळ्यांसाठी येणार नाही, पण मोठेपणासाठी धावत येईल.

आणखी एक. पोरगीबिरगी कुणी नाही. दवाखान्याच्या पायरीपर्यंत मी जातो आणि माघारी फिरतो. डॉक्टरने मुलं किती विचारलं तेव्हा मी एकच सांगितला, दादा. तो शेजारी बसला तर मीही दाखवीन. त्याच्या भाड्याला पाच रुपये पाठवतो आहे.