आधी हात, मग आवाज

पारोळा,
२० जानेवारी १९३८

प्रिय लीलाधर,

तुझे नाना पत्राच्या आरंभी चिरंजीव, अनेक उत्तम आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम असं सगळं रीतीने लिहितात आणि मग मजकुराला दोन ओळींची जागा उरते. मला आज जागा पुष्कळ लागणार आहे. तेव्हा आशीर्वाद मिळाले असं धरून चाल आणि वाचायला लाग. गेलं वर्षभर तू ज्याचा सल मनात घेऊन फिरतो आहेस, त्याबद्दलच लिहायचं आहे. मधे थोडं दुखेल, पण मी हे हसत लिहिते आहे एवढं लक्षात ठेव.

तुझ्या भागाआत्याचे डोळे. मी तेरा वर्षांची नवरी होऊन या घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पाळण्यात असतानाच तिच्या डोळ्यांवर पांढरं आलं होतं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण पहिल्याच दिवशी तिने माझ्या बांगड्यांच्या आवाजावरून माझी चाल ओळखली, आणि पुढे कधी चुकली नाही. तुला न्हाऊ घातलं तिने, भरवलं तिने. म्हणून डॉक्टरीच्या कॉलेजात जाऊन पहिल्याच वर्षी तू हट्ट धरलास, की हा मोतीबिंदू आहे, निघू शकतो, एका डोळ्याचा तरी काढू. नाना म्हणाले, तिचं बरं चाललंय, कशाला छेडता. तू ऐकलं नाहीस. गेल्या माघात तिला धुळ्याला नेलंस, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलेल्या आत्याच्या उशाशी तीन दिवस बसलास, आणि परीक्षेसाठी तुला परत जावं लागलं. नवव्या दिवशी पट्टी सुटली. त्याच आठवड्यात तुला नानांचं कार्ड आलं, भागाला दिसत नाही, तुझा हट्ट झाला आणि तिचे हाल झाले. ते कार्ड लिहीत होते तेव्हा मी शेजारी बसून कंदिलाची काच पुसत होते. मी काही बोलले नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

खरं काय झालं ते ऐक. पट्टी सुटायच्या दिवशी आम्ही सातजण मोटारीने धुळ्याला गेलो. सगळ्यांनी नवीन कपडे घातलेले, जसं काही लग्नघर. तुझ्या सुपडूकाकांनी दारातच बजावलं, आता कोणी बोलायचं नाही हं, तिला डोळ्यांनी ओळखू द्या. आणि आम्ही शहाण्यासारखे ओळीने तिच्यासमोर मुके उभे राहिलो. सुपडूकाकांनी पागोटं काढून दाखवलं, नानांनी हात हलवले, मी नथ हलवली. जन्मभर जिने आम्हाला आवाजाने, पावलांनी, अंगाच्या वासाने ओळखलं तिच्याकडून आम्ही ते सगळं काढून घेतलं आणि एका दिवसाच्या डोळ्याची परीक्षा घ्यायला लागलो. ती घाबरून म्हणाली, “कोन शेतस तुम्ही? बोला ना.” तरी आम्ही गप्पच. मग ती रडायला लागली. मला राहवेना, मी भागा अशी हाक मारली. तेव्हा तिने बरोबर माझ्याकडे तोंड वळवलं, पण वळवताना डोळे घट्ट मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळा स्वच्छ झाला आहे, घाई करू नका. आम्हाला वाटलं, हे आपलं समजूत घालणं.

घरी आल्यावर तर फजितीच फजिती. जाड भिंगाचा चष्मा लावून ती अंगणात आली की निंबाच्या सावलीपाशी थबकायची आणि खड्डा ओलांडावा तसं पाऊल उचलून टाकायची. ओट्यावर बसून किल्ल्याच्या भिंतीला हात लावायला जायची, इतकी ती तिला जवळ वाटे. समोर ठेवलेला तांब्या तिला दिसायचा, पण हात लावेपर्यंत तांब्या आहे हे कळायचं नाही. बोट टेकलं की लगेच, अगं हा होय! ती म्हणायची, “माले बठ्ठं दखास, पन समजस काहीच नही.” सगळं दिसतं पण कळत काही नाही, हे तिचं वाक्य मी शंभरदा ऐकलं आणि शंभरदा तक्रार म्हणून सोडून दिलं.

मग वैशाखात अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आली. आपल्याकडे आखाजीला मांडे भागाआत्यानेच करायचे हे ठरलेलं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत सुपाएवढा करायचा आणि तापलेल्या खापरावर पसरायचा. तिच्या हातचा मांडा कधी फाटलेला मी पाहिला नव्हता. यंदा माहेरवाशिणी जमलेल्या, आमरस तयार, आणि आत्या चष्मा लावून खापरापुढे बसलेली. पहिला मांडा फाटला. दुसरा फाटला. तिसरा तिच्या कोपरावरून खाली चुलीच्या राखेत गेला. सुनंदाबाई शेजारून आल्या होत्या, त्यांना काय गप्प बसवतं! अगं भागा, डोळे आले आणि हात गेले का तुझे, असं म्हणून बसल्या. आत्या उठली, चष्मा काढून फडताळात ठेवला आणि मला म्हणाली, “मनी पट्टी परत बांधी दे, वहिनी. आंधयी व्हतू तवय मी शानी व्हतू.” मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि बांधली. खरंच बांधली, लीला. आणि ती परत खापरापुढे बसली आणि एकामागून एक अठरा मांडे केले, चंद्रासारखे.

त्या दुपारी मी तुझी जुनी पत्रं काढली. तुझी आठवण येत होती म्हणून, दुसरं काही कारण नाही. त्यात ते एक होतं, पहिल्या वर्षाचं, ज्यात तू मेंदूचं चित्र काढून पाठवलं होतंस, मागच्या बाजूला दिसण्याची जागा, कानांच्या वर ऐकण्याची. मला तेव्हा ते फुलकोबीसारखं वाटलं होतं. खाली तू लिहिलं होतंस, आई, डोळा फक्त उजेड आत पोचवतो, बघतो तो मेंदू, आणि तान्ह्या मुलाला ते बघणंसुद्धा शिकावं लागतं. मी ते तीनदा वाचलं. मग मला हसायला आलं आणि लाजही वाटली. तान्हं मूल दोन महिन्यांत मांडे करत नाही म्हणून आपण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि आम्ही शाळा सुरू केली. माझे वडील साक्रीला मास्तर होते, मला त्यांनी ओट्यावर बसवून शिकवलं. मीही तसंच केलं. विचार केला, हिचे कान पंडित आहेत आणि डोळा बिगरीत आहे, तर कानानेच डोळ्याला शिकवावं. तांब्या तिच्यासमोर धरायचा आणि वाजवायचा, पातेलं वाजवायचं, पळी वाजवायची. वस्तू हलते त्याच क्षणी नाद येतो, म्हणजे नाद जिथून आला ती ही वस्तू. पंधरा दिवसांत तिला न वाजवता तांब्या कळला. मग शेजारच्या वनाकाकांचा कोंबडा आमच्या कुडावर येऊन आरवला. आत्या बघत होती. त्याची मान वर झाली, चोच उघडली आणि आवाज निघाला, आणि ती ओरडलीच, की अगं, हा आवाज त्या लाल फडक्यातून येतो! आणि मग तिला माणसांची तोंडं सापडली. बोलताना माणसाच्या चेहऱ्यावर एक भोक उघडतं आणि मिटतं, हे कोणी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती दिवसभर हसत होती. सुनंदाबाई तर तिच्यापुढे पदर तोंडाला लावून बोलू लागल्या, म्हणे ही बया माझे दात मोजते.

एक दिवस तर मी तुला तारच करणार होते. भाद्रपदातली गोष्ट, आम्ही दोघी धुणं घेऊन किल्ल्याच्या तळ्यावर गेलो होतो. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. आत्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि मग रागावून म्हणाली, “वहिनी, ती बाईना आवाज मांगून येस! आधी हात, मंग आवाज.” मी म्हटलं, काहीतरीच. मग बघितलं. खरंच रे, हात खाली येत होता, कपडा दगडावर पडत होता आणि आवाज मागून चालत आल्यासारखा येत होता. बेचाळीस वर्षांचे माझे धड डोळे आणि धड कान, त्याच तळ्यावर मी तीस वर्षं धुणी धुतली, आणि हे कधी दिसलं नव्हतं. मी हे आधी का सांगितलं नाही म्हणून ती रुसून बसली. तिला वाटलं आम्हा डोळसांना हे सगळं माहीत असतं. मी ओल्या लुगड्यासकट तिला मिठी मारली. तिचा डोळा आता इतका शिकला होता, की आवाजाला उशीर झाला तर तो त्याला जाब विचारत होता.

आता ती चष्मा लावून मांडे करते. हातांवर फिरवताना डोळे मिटते आणि खापरावर टाकताना उघडते; म्हणते, करायचं काम हातांचं, लाल डाग बघायची मजा डोळ्यांची. चेहरे अजून चुकतात. नाना आणि सुपडूकाका गप्प बसले की तिला सारखेच. सुई ओवता येत नाही, आणि लांबच्या डोंगराला ती ढगच म्हणते. पण कापसाच्या शेतात फूल पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे तिने नानांना दाखवलं, आणि नाना बांधावर बसून डोळे पुसत होते. ते तुला कार्डावर लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

हे सगळं मी तुला वर्षभर का कळवलं नाही? आत्याने शपथ घातली होती. त्याला अर्धवट काही सांगू नका, पोराला आशा लागेल आणि मी परत अडखळले तर तो दुसऱ्यांदा मोडेल. दिवाळीला तू आला नाहीस तेव्हाही तिने मला लिहू दिलं नाही. मी शपथ पाळली, आणि परवा नानांना तुझं पत्र आलं. कॉलेज सोडायचा अर्ज, त्यावर त्यांची सही हवी, आणि जळगावच्या कापसाच्या पेढीत जागा पाहून ठेवली आहे म्हणून. मी आत्याला वाचून दाखवलं. “ज्याने भागाआत्याचं वाटोळं केलं त्याने डॉक्टर होऊ नये” हे वाक्य मी गिळणार होते, पण मी ओळ गाळते आहे हे तिने ओळखलं आणि ती मला वाचायला लावली. तिने कागद मागून घेतला, भिंगापाशी धरला आणि विचारलं, यात माझं नाव कुठं आहे. मी बोट ठेवून दाखवलं. ती त्या चार अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हे खोडून टाकायला सांग त्याला. आणि काल धुळ्याच्या डॉक्टरांचा निरोप आला की दुसरा डोळा फाल्गुनात करू, तर तिने साफ नाही म्हणून कळवलं. हा डोळा लीलाधरच करील, असं सांगून मोकळी. मी म्हटलं, अगं त्याला डोळ्यांचा डॉक्टर व्हायला अजून चार-पाच वर्षं लागतील. ती म्हणाली, अडतीस काढली, आणखी पाच काढीन, पण दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. तिला मी ओळखते, ती बधायची नाही. नानांनी अर्जावर सही केलेली नाही, तो मी या पत्रासोबत परत पाठवते आहे. आत्याचा एक डोळा तुझ्यासाठी बंद ठेवलेला आहे, आणि तो किती दिवस बंद ठेवायचा ते आता तुझ्या अभ्यासावर आहे.

तुझीच,
आई