चिकपेटेतले स्टोव्ह कोणीही पेटवू नयेत

मी, कुमारी अंबुबाई भीमाचार्य गलगली, वय वर्षे चोपन्न, राहणार मल्लेश्वरम, बंगळूर, धंदा नोकरी, संशोधन संस्थेत चाचणी विभागाची प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणाचे दडपण नाही. म्हणजे आहे, पण ते वेगळ्या कागदासाठी, त्याचे पुढे सांगते. सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. काळजी मला पोटाची नाहीच, माझ्या माघारी कचेरीत काय होईल त्याची आहे. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते.

कलम १. राहते घर वडिलार्जित नाही, माझ्या कमाईचे आहे. ते भाऊ दामोदर याला न देता त्याची मुलगी प्रेमा हिला देते. दामोदर, तू रागावशील. रागाव. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा "आता हिला कोण करून घेणार" म्हणून घरभर नाचला होतास, ते मी विसरलेले नाही. बँकेतली शिल्लकही प्रेमाच्या शिक्षणासाठी, तिला जे शिकायचे असेल त्यासाठी. त्यातून लग्नाचा मांडव घातलात तर बघा! घराची मागची खोली माझी स्वयंपाकीण यल्लव्वा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिला कोणी ऊठ म्हणू नये. पुढच्या दोन खोल्या यातून वगळल्या आहेत, त्या कलम ५ मध्ये येतील.

कलम २. तांब्यापितळेची सर्व भांडी आणि कोळशाची शेगडी यल्लव्वाला. शेगडीच, स्टोव्ह नव्हे.

कलम ३. माजघराच्या फळीवर पंपाचे नवे स्टोव्ह आहेत. वहिनी, चकाकतात म्हणून तुमचा त्यांच्यावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे. हात लावू नका. ते कोणालाही देत नाही, कोणी पेटवू नयेत, भंगारातसुद्धा घालू नयेत. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय तुम्ही ऐकायच्या नाहीत, म्हणून सांगते.

गेल्या वर्षी असाच एक स्टोव्ह मी घरी आणला. आमच्याच संस्थेचा पसंतीचा शिक्का त्याच्यावर, मग शंका कशाला घ्यायची? यल्लव्वाने हवा भरली, काडी लावली आणि तिचा पदर पेटला. "अक्का, स्वल्पच पेटलं, विझवलं की मी," असं ती हसून म्हणाली. मनगटाची कातडी सोलून निघाली होती आणि ही बया हसते! माझं मात्र डोकं फिरलं. कारखानेवाले चाचणीला निवडून निवडून चांगला माल पाठवायचे, आम्ही तो पास करायचो, आणि बाजारात जायचा तो निराळाच. म्हणून मी साध्या गिऱ्हाइकासारखी चिकपेटेत गेले आणि दुकानातून हे स्टोव्ह विकत आणले. विभागात तपासले. हवा भरली की टाकीच्या तळाच्या सांध्यातून रॉकेल झिरपते. एकातून नाही, सगळ्यांतून.

शिक्का काढून घ्यावा असा अहवाल मी लिहिला. संचालकसाहेब मला म्हणाले, "अंबुबाई, हे स्टोव्ह दुकानातलेच कशावरून? तुमचेच नियम वाचा." संस्थेचे सचोटीचे नियम मीच लिहिले आहेत. बाजारातून नमुना घेताना दोन अधिकारी हजर हवेत आणि दोघांनी तसे लिहून द्यावे, हे वाक्य माझेच. मग साहेबांवर चिडू तरी कोणत्या तोंडाने?

दुसरा अधिकारी होता. माझा मदतनीस चंद्रकांत वर्तक. पुण्याहून इथे आला तेव्हा ना कानडी येई, ना खाणावळीचं सांबार सोसे. माझ्या घरी जेवून सावरला. बैठकीत साहेबांनी त्याला विचारले, त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात का? तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मला नीटसं आठवत नाही." अरे, आठवत नाही? टांग्यात मांडीवर स्टोव्ह घेऊन बसला होतास, कड टोचते म्हणून घरापर्यंत कुरकुरत होतास!

त्याची नोकरी अजून कायम झालेली नाही, बायको बाळंतपणाला गेली आहे, घरमालक रोज जागा सोडा म्हणतो. मला सगळं कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. सोमवारपासून माझ्या खुर्चीवर हंगामी तोच बसणार आणि अहवाल त्याच्यापुढे येणार. पुढे धाडायचा की फडताळात टाकायचा, ते त्याच्या हातात. तिकडे दुकानात विक्री चालूच आहे. कुठल्या तरी घरात आत्ता कोणी बाई पंप मारत असेल, ह्या विचाराने मला बसवत नाही.

उठून पाणी पिऊन आले. पुढे.

कलम ४. वर सांगितलेले नियम चौकटीत घालून साहेबांच्या खुर्चीमागे टांगले आहेत. आलेल्यागेलेल्यांना दिसतात, साहेबांना दिसत नाहीत. माझ्या खर्चाने ती चौकट समोरच्या भिंतीवर लावून द्यावी. साहेबांना माझ्याकडून एवढेच.

कलम ५. पुढच्या दोन खोल्या चंद्रकांत वर्तक याला देते. स्वतंत्र दार आहे, नळ आहे, बाळाला ऊन मिळेल. हे मी त्याला जेवू घालत होते तेव्हापासून मनात आहे आणि रागाने ते बदललेले नाही. मात्र साक्षीदाराची दुसरी जागाही त्याच्यासाठीच रिकामी ठेवली आहे. वकील म्हणतात, "बाई, दोन्ही जमायचं नाही. जो साक्ष घालतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, कायदाच तसा आहे." सरी, ठीक आहे, मला तेच हवे आहे. आज संध्याकाळी त्याला बोलावले आहे. त्याने हा कागद पहिल्यापासून वाचावा. सही नको असेल तर नमस्कार करून जावे, शेजारचे फत्तेसिंग सही करतील, आणि खोल्या त्याच्या. सही केली तर खोल्याही प्रेमाच्या. याला कोणी आमिष म्हणेल. म्हणा. कचेरीतले त्याला कायम नोकरीचे आमिष दाखवतात, मी खोल्यांचे दाखवते. आमिषाला नाही म्हणायचे तर सुरुवात घरच्या माणसापासून केलेली बरी. मी त्याला काही सांगणार नाही, आग्रह करणार नाही, चहा मात्र देईन.

पोरा, तू मला मुलासारखा आहेस. म्हणूनच तुझं ते वाक्य मला घशाखाली उतरत नाही.

अंमलबजावणी वकील कल्लाप्पा अंगडी यांनी करावी. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि शस्त्रक्रियेतून वाचले तरी या कागदातला एक शब्दही बदलणार नाही. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

मल्लेश्वरम, बंगळूर
शनिवार, ता. १६ नोव्हेंबर १९६३

(सही) अंबुबाई भीमाचार्य गलगली

साक्षीदार
१. (सही) कल्लाप्पा अंगडी, वकील
२. (सही) चंद्रकांत वर्तक, सोमवारपासून हंगामी प्रमुख, चाचणी विभाग

सर्व वाचून सही केली. हे स्टोव्ह चिकपेटेतल्या दुकानातून घेतले तेव्हा मी अंबुताईंबरोबर होतो. टांग्यात मांडीवर घेऊन मीच आणले. मला आठवतं. — चं. व.