एकोणीस वेळा सहा नंबर

७ जानेवारी, मंगळवार. कुओपिओ.
मी चौदा वर्षांची असताना आमचे आइस हॉकीचे प्रशिक्षक म्हणाले होते, "हेली, तुला खेळ फार छान दिसतो. तू वर स्टँडमध्ये बस." त्या एका वाक्यावर बत्तीस वर्षं उभी आहे. म्हणजे बसलेली आहे. संघातल्या मुली म्हणाल्या होत्या, अगं, तुला काढून टाकलं. मत्सर, दुसरं काय.
नव्या वर्षाचे संकल्प:
रिंकवरचा दालचिनी पाव पूर्ण बंद.
खेळाडूत जीव गुंतवायचा नाही. मी स्काउट आहे, क्लबसाठी पोरं हेरणारी; मावशी नव्हे.
गुप्तता. गेल्या जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू उचलतात तेव्हा, मी हेरलेला पोरगा दुसऱ्या क्लबने आमच्या अगदी एक नंबर आधी उचलला. आमचे अहवाल कुठूनतरी फुटतात. यंदा कोण काय फोडतं ते बघतेच.

११ जानेवारी, शनिवार. इसाल्मी.
सापडला! सापडला!
सतरा नंबर. नूत्ती सोर्मुनेन. हेल्मेट, स्केट्स धरूनसुद्धा बाकीच्यांच्या खांद्याला लागतो. एका धिप्पाड बचावपटूच्या मागून आला, त्याची स्टिक आपल्या स्टिकने हळूच उचलली आणि खालून पक (ती रबरी चकती) काढून नेला. पाकीट मारावं तसा. त्या बिचाऱ्याला चार पावलं पुढे गेल्यावर कळलं. मग गोलच्या मागे जाऊन नूत्ती चक्क थांबला. बर्फावर सगळे धावतायत आणि हा बसची वाट बघतोय! दोघं दोन बाजूंनी अंगावर आले, एकमेकांवर आदळले, हा मधून बाहेर.
मी ओरडले नाही. एकदाच ओरडले.
पाव एक. (आनंदाचा प्रसंग.)

१२ जानेवारी, रविवार.
झोप नाही. तरीही मी तटस्थ आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. इसाल्मी.
इथली माझी सहावी खेप. इथे मला कोणी ओळखत नाही. कॅफेवर खेळाडूंच्या आयांची पाळी असते, आज नूत्तीची आई मारित होती. कॉफी मी मागायच्या आधीच, दूध न घालता, माझ्यासमोर ठेवली. अंदाज चांगला आहे बाईचा. सहज विचारल्यासारखं विचारलं, मुलाचे वडील उंच आहेत का? म्हणाली, "आमच्या घरात दिवा गेला की शेजाऱ्यांना बोलावतो."
म्हणजे वडिलांकडून आशा नाही. आजोबांची चौकशी करणे.
दुसऱ्या क्लबचा म्हातारा स्काउट एन्सियो मागच्या रांगेत थर्मास घेऊन बसला होता. म्हणाला, "काय गं हेली, कोणावर डोळा?" मी पटकन म्हटलं, सहा नंबर. सहा नंबर म्हणजे ओइवा, बचावपटू, एकशे पंच्याण्णव सेंटिमीटर. एन्सियो म्हणाला, "तो? कपाटाएवढा आहे आणि कपाटाइतकाच वळतो."
तिथेच योजना सुचली. आता अहवालातही सहा नंबरच लिहायचा. फुटला तर ओइवा फुटेल. नूत्तीबद्दल फक्त तीन शब्द: 'लहान आहे. बघू.' खरं नाव ड्राफ्टआधी ग्रँटच्या कानात. ग्रँट आमचा मुख्य स्काउट, अमेरिकेत असतो, कान कायम फोनला लावलेला. पण माझ्यासाठी काढेल.
असं डोकं आमच्या धंद्यात फार थोड्यांना असतं.

१ मार्च, शनिवार. इसाल्मी.
गंमत म्हणजे सहा नंबर अचानक बरा खेळू लागलाय. आज दोन गोल! माझं सोंग इतकं छान वठतंय की खेळसुद्धा साथ देतोय. नूत्तीने मात्र स्वतः गोल मारायच्या जागेवरून दोनदा पक मागे ओइवाला दिला. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत मी याला दोष म्हटलं असतं. याचं ते औदार्य.
अहवालात ओइवाचं कौतुक दीड पान. लिहिताना हसू येत होतं.
पाव दोन. एक एन्सियोने दिला, नाही म्हटलं तर संशय येतो.

१४ मे, बुधवार.
मोसम संपला. इसाल्मीच्या एकूण खेपा एकोणीस. नूत्तीशी एक शब्दही बोलले नाही. लांबून मान हलवली की तोही हलवतो आणि लगेच ओइवाकडे बोट दाखवतो. लाजाळू आहे.

१२ जून, गुरुवार.
ड्राफ्टची यादी ठरवायची शेवटची बैठक, व्हिडिओवर. मला चार मिनिटं मिळाली. ग्रँट म्हणाला, "हेली, तुझं सगळं वाचलंय. बोलायची गरजच नाही." इतका विश्वास! मी म्हटलं, अजून एक आहे, जरा लहान चणीचा. "लहान नकोत," म्हणाला आणि पुढच्याकडे वळला.
बाकीचे ऐकत होते म्हणून तसं म्हणाला. मुरलेला माणूस आहे. उद्या फोन करीन.

१३ जून. फोन नाही उचलला.
१६ जून. विमानात आहे.
२० जून. इथे मध्यग्रीष्माची सुट्टी, सगळा देश तळ्याकाठी. त्याला सुट्टीत त्रास नको. (सुट्टी त्याच्याकडे नसते हे नंतर लक्षात आलं.)

२८ जून, शनिवार. संध्याकाळ.
ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत आमच्या क्लबने ओइवाला घेतलं.
ग्रँटने स्वतः फोन केला. किती आनंदात होता. "हा तुझ्यासाठी, हेली. एका पोरासाठी एकोणीस वेळा जाणारं माणूस मी पाहिलेलं नाही."
मग ओइवाच्या वडिलांचा फोन. लाकूडतोडीच्या यंत्रावर आयुष्य काढलेला माणूस. आमच्याकडे पुरुष रडले तर सौनाच्या वाफेत, घाम म्हणून खपतं. हे फोनवर रडले. "आमच्या पोरावर तुमच्याशिवाय कोणी विश्वास ठेवला नाही हो." मी म्हटलं, चांगला मुलगा आहे. आणि तो खरंच चांगला मुलगा आहे.
मग मारित. मागे गाणी, आरडाओरडा. सगळे ओइवाच्या घरी जमलेत. म्हणाली, "अगं हेली, आमचा नूत्ती तर नाचतोय! फेब्रुवारीत तुझं 'सहा नंबर' कानावर आल्यापासून सांगत होता, ती बाई ओइवासाठी येते, ती आली की मी गोल मारायचा नाही, पक ओइवाकडे द्यायचा. म्हटलं, तुझं काय रे? तर म्हणतो, माझ्यासाठी कोण येणार?"
मी अभिनंदन म्हटलं.
एन्सियो फसला नाही. ग्रँट फसला, आणि तो पोरगा. स्वतःचे किती गोल दिले त्याने, मी बसलेली दिसली म्हणून.
ड्राफ्टची सहावी फेरी संपली. सातवीत, म्हणजे शेवटच्या फेरीत, आमचा एक नंबर बाकी आहे. ग्रँटला फोन केला, उचलला नाही. आता लिहून पाठवते. नाही म्हणेल. मीच लिहिलेले तीन शब्द माझ्यापुढे धरील.

"ग्रँट, शेवटचा नंबर नूत्ती सोर्मुनेनला दे. इसाल्मी, सतरा नंबर. एकोणीसही वेळा मी त्यालाच बघायला गेले होते. अहवाल खोटे होते, त्याबद्दल मला काढून टाक, पण उद्या. उंची १७१. सकाळी मोजलीस तर १७२. घे ना त्याला."