श्रीमती आमरी यांना बजावलेल्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. भूमी व्यवस्थापन अधिकारी,
नगर परिषद कार्यालय, दुसरा मजला
(पाटी पडलेली असल्याने खोली विचारत यावे लागते)

विषय : आमरी या वनस्पतीस 'श्रीमती' समजून काढलेली नोटीस मागे घेणे व सोमवारचा भराव थांबविणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) आपली त्यावरील तीन पत्रे (चूक तिन्हींत तीच).

महोदय,

१. अर्जदार ही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून निवृत्त झालेली प्रयोगशाळा परिचर आहे. एकतीस वर्षे तिने वाळवलेली रोपे कागदावर चिकटविली. गावाबाहेरच्या पाणथळ जागेवर वाहनतळ होणार असे कळल्यावरून तिने आपणास लिहिले होते की, "या जागेत आमरी राहते, तिला हलवू नये." आमरी म्हणजे वीतभर उंचीचे, पांढऱ्या फुलांचे रानटी रोप. 'उगवते' ऐवजी 'राहते' लिहिले, ही अर्जदाराची चूक. जन्म रोपांत गेला की तोंडी तसेच बसते.

२. तथापि त्या एका क्रियापदावर आपल्या कार्यालयाने आमरीला जी बढती दिली, ती अर्जदारास एकतीस वर्षांत मिळाली नाही. पहिल्या पत्रात त्या 'श्रीमती आमरी' झाल्या व त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला मागण्यात आला. दुसऱ्यात त्या अतिक्रमणधारक ठरल्या. सुनावणीस समक्ष हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल, अशी तंबी तिसऱ्यात आहे.

३. सुनावणीस अर्जदार स्वतः आली. आमरी हे रोप आहे असे सांगितले असता कारकुनांनी फाइलवरची नजर न काढता, "मावशी, बाईंना जमत नसेल तर मुलाला पाठवा, फक्त अधिकारपत्र आणा," असे सुचविले. अर्जदाराने फुलाचे चित्र पुढे ठेवले. त्यावर आवक शिक्का मारून ते 'ओळखीचा पुरावा' म्हणून फाइलला लावण्यात आले. एवढी तत्परता अर्जदाराने या कार्यालयात प्रथमच पाहिली.

४. मग पाहणी झाली. आपले निरीक्षक सात मिनिटे थांबले. अहवाल असा : 'हाका मारल्या. कोणी राहत असल्याचे आढळले नाही. निरंक.' हाका खरोखरच मारल्या, त्याला अर्जदार साक्षी आहे. या निरंकावरून सोमवारी भराव टाकण्याचा आदेश निघाला आहे.

५. हसून झाल्यावर अर्जदारास फार वाईट वाटते, हेही नोंदवावे. पाहणीच्या दिवशी सकाळी तिने रोपे मोजली, ती एक्केचाळीस होती. आजूबाजूची सगळी तळी तिने पालथी घातली आहेत, दुसरीकडे एकही नाही. फुले जेमतेम तीन आठवडे टिकतात, मग रोप वाळते आणि कंद चिखलात निजून राहतो. त्यावर ट्रकभर मुरूम पडला की पुढल्या वर्षी कोणीही कितीही हाका माराव्यात.

६. सबब, भराव थांबवून आपण स्वतः एकदा जागेवर यावे. रोप दिसण्यासाठी वाकावे लागेल. त्यास वरिष्ठांची मंजुरी लागत असल्यास ती सोबत आणावी.

अजून तरी आपली नम्र,
अर्जदार
(निवृत्त प्रयोगशाळा परिचर)

दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

सोबत :
१) आपली तीन पत्रे.
२) पाहणीच्या वेळी अर्जदाराने काढलेला फोटो. मध्यभागी हाका मारणारे निरीक्षक. श्रीमती आमरी त्यांच्या डाव्या बुटाखाली हजर आहेत. आता चाळीस उरल्या.