सोड तिला

४ मार्च
माझ्या लेकीच्या, चिमणीच्या, कानातलं ऐकायचं मशीन काढून घेतलं आज. मीच! प्रार्थनाघरातले दादा म्हणाले, "बहिरेपणाचा आत्मा आहे, ताई. तुमच्या घराण्याला लागलेलं शापाचं बंधन. मशीन लावणं म्हणजे अविश्वास. काढा, मग बघा प्रभू कसं तोडतो ते." सगळे 'आमेन' म्हणाले. मीही. पोर माझ्या ओठांकडे बघत राहिली— आपलं काय चुकलं, ते शोधत.

मशीन कपाटात, चादरींखाली.

५ मार्च
उपास धरलाय. हे जेवले.

९ मार्च
प्रार्थनाघरात तिला मधोमध उभं केलं. डोक्यावर हातच हात. दादा तिच्या कानाशी ओरडले, "सोड तिला!" गालावर थुंकी उडाली. मग मागून टाळी वाजवली. ती वळली नाही. दादा वळले— माझ्याकडे. "आईच्याच मनात गाठ आहे. म्हणून अडलंय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी हे म्हणाले, "शाळेत तिला काही कळत नाहीये गं." मी फाडकन म्हटलं, "तुमच्या असल्या बोलण्यानेच अडतंय!"

१२ मार्च
शाळेतून येताना ट्रक मागे घेत होते. भोंगा, आरडाओरडा— आणि ही माझ्यापुढे, आपल्याच नादात! पाववाल्याने दप्तर धरून ओढली, म्हणून वाचली. मलाच ओरडला, "अहो, ऐकू येत नाही तर कानाला काही लावत का नाही?" काय सांगू त्याला?

तरी मशीन दिलं नाही. आता दिलं तर बंधन दुप्पट आवळतं म्हणे.

१३ मार्च
आमच्या आधीच्या चर्चचे जुने पाळक मी काम करते त्या लाँड्रीत आले, झगा इस्त्रीला घेऊन. इस्त्री फिरवता फिरवता सगळं ओकले मी. कॉलर करपता करपता राहिली. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "पोरी, बायबलातल्या त्या बहिऱ्याला बरं करताना प्रभूने आधी गर्दीतून बाजूला नेलं होतं. तू हिला गर्दीत नेऊन उभी केलीस."

"आणि ती बरी झालीच नाही, तर?"

"तर बहिरी राहील. प्रभूची लेक म्हणून राहील. तुला कोणी घाबरवलं गं एवढं?"

रडूच आलं. वाफेने डोळे चुरचुरले असं म्हटलं मी, झालं.

१६ मार्च
मशीन दिलं. पहिला आवाज कसला ऐकला? ह्यांची शिंक! खुदकन हसली.

दादांना तोंडावर सांगून आले, आम्ही येणार नाही. "शाप ओढवून घेताय!" हे प्रार्थनाघराच्या फाटकाशी उभे होते. माझ्या हातातली पिशवी घेतली.

१७ मार्च
जेवणाआधी चिमणीने डोळे मिटून हातांच्या खुणांनीच प्रार्थना केली. विचारलं, काय मागितलंस? तिने मनगटं एकावर एक ठेवली— जखडलेली— आणि झटकन सुटी केली. मग बोट माझ्याकडे! मशीन काढलं त्या दिवसापासून मी रोज हेच मागत होते, म्हणाली.