पितळी थाळी आणि उत्पत्तीच्या दोन गोष्टी

जनवाडा. शनिवार संध्याकाळ, निजामी फसली सालाचा बहमन महिना.

उद्या रविवारच्या प्रार्थनेनंतर मंडळींना बायबलातल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय समजावून सांगायचाय, आणि एक ओळ सुचत नाही.

पहिला अध्याय मी दर वर्षी रंगवून सांगतो. देव लांबून नुसता बोलतो, प्रकाश हो, आणि प्रकाश होतो. केवढा रुबाब! दुसऱ्यात तोच देव मातीत बसतो, कुंभारासारखा माणूस घडवतो, त्याच्या नाकात फुंकर घालतो. देवाला हे शोभत नाही, असंच मला आजवर वाटायचं.

गेल्या महिन्यात माझ्या बायकोला, शांताला, मुलगी झाली. रडलीच नाही. इरक्का सुईण आतून ओरडली, "मास्तर, थाळी वाजवा!" आवाजानं लेकरू दचकून रडतं म्हणतात. मी अंगणात उभा राहून पितळी थाळी बडवली. किती वेळ, कोण जाणे. इरक्काचा आवाज बंद झाला, लेकरू गेलं होतं, तरी बडवतच होतो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत. मीही गेलो नाही.

आज मी धडा मोठ्यानं वाचत होतो. शांता भाकरी वाढता वाढता थांबली. "देवानं सोताच्या तोंडानं फुंकलं म्हणून वाचायलाव. मग तुमी भाईर कामून थांबलाव?"

"रीत हाय," म्हणालो. तिनं भाकरी वाढली. भाकरी त्याच थाळीत होती. काठाला पोचा आलाय, आजच दिसला.

पहिली गोष्ट लिहिणारा माझ्यासारखाच दाराबाहेर उभा असेल का?

दुसरी लिहिणारा नक्की आत गेला होता.